लाजरची तांबूस दाढी

वेडातून प्रतिभा जन्मते, असा एक समज रसिकांत रूढ आहे आणि त्याचा दाखला म्हणून व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचे नाव हमखास पुढे केले जाते. सँ-रेमी येथे त्याने रंगविलेली तीन धार्मिक चित्रे बारकाईने पाहिली, तर हा समज टिकत नाही.

८ मे १८८९ रोजी तो स्वेच्छेने तेथील मनोरुग्णालयात दाखल झाला. ती वास्तू पूर्वी मठ होती आणि शुश्रूषेला धर्मभगिनी होत्या. वर्षभरात आजाराने त्याला वारंवार गाठले. परंतु त्या काळातील बहुतेक चित्रे ही दोन झटक्यांमधील निवळलेल्या मनाची कमाई आहे. आजाराने त्याला विषय दिला असेल, हात दिला नाही. हात वर्षानुवर्षांच्या साधनेचा होता.

पहिले चित्र 'पिएता', सप्टेंबर १८८९चे. दलाक्र्वाच्या चित्राची एक छापील प्रत रंग-तेल सांडून खराब झाली. त्या हळहळीतून व्हिन्सेंटने ते चित्र स्वतः रंगविले. दुसऱ्याची बंदिश गायकाने आपल्या गळ्याने गावी, तशी ही नक्कल आहे. मूळ प्रत कृष्णधवल. निळा-पिवळा रंगसंवाद सर्वस्वी त्याचा. ख्रिस्ताची दाढी मात्र तांबूस, चित्रकाराच्या स्वतःच्या दाढीसारखी. त्याच महिन्यात त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात दोन्ही गोष्टी आढळतात : झटक्यात येणाऱ्या विकृत धार्मिक कल्पनांची भीती आणि दुःखात धर्मविचाराने मिळणारा दिलासा. श्रद्धावंत वाचकाने यांपैकी सोयीची तेवढी उचलू नये.

'लाजरचे पुनरुत्थान' (मे १८९०) हे अधिक धाडसी आहे. रेम्ब्रांटच्या मूळ छापचित्रातील येशूच येथे नाही. आहेत दोन स्त्रिया, थडग्यातून उठणारा तांबूस दाढीचा लाजर आणि मागे सूर्य. येशूला वगळणे हा अनादर नव्हे का, असे कोणी विचारील. परंतु गेथशेमने बागेतील ख्रिस्त रंगविण्याचे स्वतःचे प्रयत्न त्याने पूर्वीच नष्ट केले होते. प्रत्यक्ष न पाहिलेले कल्पनेने रंगविणे त्याला पटत नव्हते. शय्येवरच्या रुग्णाला वैद्य दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. चित्रात तेवढेच आहे, आणि ते खरे आहे.

त्याच महिन्यातील 'दयाळू शोमरोनी' मध्ये दया ही कोमल भावना उरत नाही; ती अंगमेहनत होते. जखमीला जनावरावर चढविताना शोमरोन्याची पाठ ताणली आहे. दूर वाटेवर याजक आणि लेवी पाठमोरे चालले आहेत.

दोन महिन्यांनी, २९ जुलै १८९० रोजी, स्वतःवर झाडलेल्या गोळीने तो ऑव्हर येथे मरण पावला. आत्महत्या म्हणून तेथील कॅथोलिक धर्मगुरूंनी शववाहिका नाकारली. ती शेजारच्या गावातून आणावी लागली. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात चर्चनेच म्हटले आहे की, गंभीर मनोविकाराने अशा कृत्याची जबाबदारी कमी होते व अशांच्या तारणाची आशा सोडू नये. 'पिएता'ची लहान आवृत्ती आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे.

चित्राला उशिरा जागा मिळाली तरी चालते. माणसाचे तसे नसते. आपल्या धर्मग्रामातही अशा आजाराने गांजलेली, दाराआड ठेवलेली माणसे आहेत; त्यांच्या वाटेवर आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत, हे या तिसऱ्या चित्रासमोर उभे राहून ज्याने त्याने पाहावे.