ओठांआधीचा सूर

डेव्ह लीबमन यांचं ‘डेव्हलपिंग अ पर्सनल सॅक्सोफोन साउंड’ हे पुस्तक १९८९ साली आलं. वरवर पाहिलं तर ती सॅक्सोफोन शिकणाऱ्यांसाठी लिहिलेली एक छोटेखानी मार्गदर्शिका आहे. श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ, रीड असे तिचे विषय आहेत आणि भाषा कामापुरती आहे. तरी मला ते एका शिष्यानं आपल्या गुरूविषयी लिहिलेलं पुस्तक वाटतं. गुरूंचं नाव जो अलार्ड. त्यांचं चरित्र किंवा व्यक्तिचित्र इथे शोधू नये. ते कसे दिसत, कसे बोलत, कुणावर रागावत, हे कळण्यासाठी वेगळं काहीतरी वाचावं लागेल. इथे ते भेटतात ते विषयांच्या क्रमात.

अलार्ड (१९१०–१९९१) अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल गावचे. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्यं त्यांच्या हातची. आर्तुरो टोस्कानिनी यांच्या एनबीसी वाद्यवृंदात ते बास क्लॅरिनेट वाजवत. ज्युलियार्ड, मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक, न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी अशा नामवंत संस्थांत त्यांनी शिकवलं. मायकेल ब्रेकर, एडी डॅनियल्स आणि स्वतः लीबमन हे त्यांचे विद्यार्थी. लीबमन पुढे एल्विन जोन्स आणि माइल्स डेव्हिस या जॅझवादकांबरोबर वाजवते झाले. माइल्सच्या १९७२ सालच्या ‘ऑन द कॉर्नर’ या अल्बममध्ये बादल रॉय यांच्या तबल्याशेजारी लीबमन यांचा सॅक्सोफोन आहे. इतक्या वेगवेगळ्या मैफलींत बसलेला हा वादक लिहायला बसतो, तेव्हा गाजलेल्या मैफली बाजूला ठेवतो आणि गुरूच्या वर्गात परत जातो.

या पुस्तकातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे ओठांची जागा. सॅक्सोफोनच्या रूढ शिकवणीत पहिल्याच दिवशी ओठांचा विषय निघतो. खालचा ओठ दातांवर किती वळवायचा, तोंडाचे कोपरे कसे आवळायचे, माऊथपीस किती आत घ्यायचा. लीबमन मात्र सुरुवात श्वासापासून करतात, मग स्वरयंत्राकडे वळतात, मग वाद्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू स्वरांकडे, मग जिभेकडे. ओठ येतात ते त्यानंतर. अनुक्रमणिकेतला हा क्रमच पुस्तकाचं मुख्य विधान आहे. सूर ओठांपाशी पोचतो तोवर त्याचं बरंचसं ठरून गेलेलं असतं, हे ते विधान. ते कुठेही ठळक अक्षरांत छापलेलं नसलं तरी वाचक पानं उलटत जातो तसं त्याच्या अंगात मुरतं.

श्वासाविषयी लिहिताना लीबमन काही नवं करायला सांगत नाहीत, जास्तीचं काढून टाकायला सांगतात. माणूस झोपेत जसा श्वास घेतो त्याच यंत्रणेनं वाजवताना घ्यावा, पोट ताठ करून हवा रेटू नये, असा त्यांचा रोख आहे. पुढे स्वरयंत्राचा विषय येतो आणि इथे पुस्तकाला खरी धार चढते. सॅक्सोफोनमध्ये नाद निर्माण करते ती रीड, म्हणजे माऊथपीसवर बसवलेली पातळ पट्टी. स्वरतंतूंचा त्यात प्रत्यक्ष भाग नाही. मग घशाचा विचार कशासाठी? कारण गाणारा माणूस स्वर लावण्याआधी तो मनात ऐकतो आणि त्या ऐकण्याबरोबर त्याचा घसा नकळत तयार होतो. वादकाचाही घसा तसा तयार झाला, तर तोंडातली पोकळी त्या स्वराला अनुकूल आकार घेते. म्हणजे वाजवण्याच्या आधी ऐकणं आलं. आपल्याकडे गायकी अंगानं वाजवणं ही वादकाला मिळणारी दाद असते. लीबमन त्याच गोष्टीचा शारीरिक पाया दाखवतात.

पुस्तकाचं हृदय मात्र स्वयंभू स्वरांच्या भागात आहे. सॅक्सोफोनच्या सगळ्या कळा बंद केल्या की सर्वांत खालचा स्वर येतो, बी फ्लॅट. त्याला षड्ज मानू. आता बोटं जागची हलवायची नाहीत. फक्त घसा आणि जीभ यांची आतली ठेवण बदलत त्याच नळीतून वरचे स्वर काढायचे. आधी वरचा षड्ज येतो, मग पंचम, मग त्याच्याही वरचा षड्ज आणि त्यानंतर गंधार. मराठी वाचकाला इथे तंबोरा आठवला नाही तरच नवल. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जात कुणीही न छेडलेला जो गंधार ऐकू येतो, तोच हा गंधार. दोन्हीकडे मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनसंख्येचा स्वर आहे. पियानोच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो. तंबोऱ्यात तो आपण ऐकतो. या अभ्यासात तो मागून घ्यावा लागतो, आणि घसा चुकीचा असेल तर तो येतच नाही.

व्यायामाचा पुढचा टप्पा अधिक सूक्ष्म आहे. असा एक स्वयंभू स्वर धरायचा आणि लगेच तोच स्वर नेहमीच्या बोटांनी वाजवायचा, आतली ठेवण तशीच राखून. मग दोन्ही नाद कानानं ताडून पाहायचे. नेहमीचा स्वर पहिल्याइतका भरदार लागला, तर आतलं काम नीट चाललंय. तो बारीक झाला, तर बोटांच्या सोयीनं घसा आळसावलाय. गुरू खोलीत नसतानाही विद्यार्थ्याला स्वतःची परीक्षा घेता यावी, अशी ही रचना आहे. शिकवणाऱ्यानं स्वतःची गरज कमी करत जावं, यापेक्षा मोठं औदार्य अध्यापनात सहसा आढळत नाही.

या वाटेनं ओठांपर्यंत आल्यावर अलार्ड यांचा आग्रह वाचकाला आपोआप पटतो. ओठांनी रीडला दाबून धरलं की तिचं कंपन मरतं. म्हणून ओठानं रीडच्या आकाराशी जुळवून घ्यावं, आवळून बसू नये. दात, जबडा, ओठांची जाडी हे तर प्रत्येकाचं वेगळं. मग गुरूच्या तोंडाची नक्कल कशाला करायची? शीर्षकातला ‘पर्सनल’ हा शब्द इथे उलगडतो. स्वतःचा सूर ही प्रतिभावंतांची मिरासदारी आहे, असं आपण समजत असतो. या पुस्तकात ती हाडामांसातून निघालेली गोष्ट आहे. आड येणारे अडथळे काढले की जो उरतो तो आपला सूर.

याची साक्ष शिष्यांच्या वादनात आहे. ब्रेकर यांचा टेनर सॅक्सोफोन धारदार आणि पोलादी, लीबमन यांचा सोप्रानो खरखरीत आणि अस्वस्थ, डॅनियल्स यांचं क्लॅरिनेट नितळ. ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकणाऱ्याला या सगळ्यांचा गुरू एक होता अशी शंकाही येणार नाही. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर यांचे गळेही परस्परांहून किती निराळे! तरी स्वर लावण्याच्या रीतीत किराणा घराणं ओळखू येतं. अलार्ड यांच्या शिष्यांत तेवढीही खूण कानाला लागत नाही. घराण्यात वाढलेल्या रसिकाला हे उणेपण वाटेल. इथे तेच शिकवणुकीचं फळ आहे.

पुस्तकाला मर्यादा आहेत. जीभ किती उंच, घसा किती मोकळा, हे शब्दांत सांगताना लेखणी अडखळते, कारण ही सगळी हालचाल डोळ्यांना न दिसणारी आहे. काही परिच्छेद वाद्य हातात नसेल तर कळत नाहीत, आणि असलं तरी चटकन साधत नाहीत. गद्यात गोडवा कमी आहे. सतत शरीररचनेच्या आधारानं चालणारा लेखक गुरूविषयीची भावना फारशी बाहेर येऊ देत नाही. पण हा कोरडेपणा विषयाशी इमान राखणारा आहे. ज्या गुरूनं विद्यार्थ्याला आपल्या प्रभावापासूनही मोकळं ठेवलं, त्याच्यावर आळवून लिहिलेलं पान विसंगत दिसलं असतं.

आणखी एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. पुस्तक आलं तेव्हा अलार्ड हयात होते. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. म्हणजे मृत्यूनंतर लिहिल्या जाणाऱ्या आठवणींत सहज शिरणारं अलंकरण इथे शिरायला वावच नव्हता. लिहिलेलं प्रत्येक वाक्य ज्यांच्याकडून शिकलं ते स्वतः वाचू शकत होते. लीबमन यांच्या काटेकोरपणामागे हेही एक कारण असावं.

हे पुस्तक सॅक्सोफोनवाल्यांनी वाचावंच, पण बासरी, सनई किंवा गाणं शिकणाऱ्या मराठी वाचकालाही त्यातला स्वयंभू स्वरांचा भाग तंबोरा लावून वाचता येईल. गुरूचं ऋण मानण्याची आपली पद्धत बहुतेक वेळा त्याचा आवाज आपल्या गळ्यात जपण्याची असते. लीबमन यांनी जपला तो गुरूचा विचार, आणि आवाज मात्र स्वतःचा ठेवला. अलार्ड यांनी शिकवलं होतं तेही हेच.