माथेरानचे बाष्पइंजिन : जतन आणि प्रदर्शन

जुन्या यंत्राचे जतन म्हणजे त्याच्या सांगाड्याचे जतन, की त्यामागील विचाराचे, हा प्रश्न संग्रहालयशास्त्रात मूलभूत होय. महाबळेश्वरी आगगाडी कधी चढलीच नाही. तेव्हा आपल्या गिरिस्थानांपुरती या प्रश्नाची कसोटी माथेरानच्या चढावरच घ्यावी लागते.

नेरळ-माथेरान हा दोन फूट रुंदीचा, सुमारे २१ किलोमीटरांचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. विसास एक असा चढ आणि जागोजागी तीव्र वळणे ही त्याची अडचण. त्यासाठी जर्मनीतील ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीने सहा जोडचाकांची इंजिने बांधली. चाके अधिक तितकी रुळावरील पकड अधिक. परंतु लांब बैठकीचे इंजिन वळणात अडते. यावरील तोड म्हणजे क्लिन-लिंडनर आस. पहिल्या व शेवटच्या भरीव आसाभोवती पोकळ आस बसवून, मधील गोल सांध्याच्या योगाने चाकांस वळणाबरोबर फिरण्याची मोकळीक दिलेली असते.

१९८२ पर्यंत येथे वाफ टिकली. आज या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडात गेले, आणि जे मार्गाजवळ राहिले ते चौथऱ्यावर चढले. तेथे रंग दिसतो, धुराडे दिसते. ज्या आसासाठी हे इंजिन घडले तो मात्र चाकांमागील अंधारात राहतो.

पुढे दार्जिलिंगच्या ब वर्गातील ७९४ क्रमांकाचे इंजिन येथे आणण्यात आले. ते चार चाकांचे. आखूड बैठक हेच त्याचे वळणावरील उत्तर. एकाच प्रश्नाची ही दोन भिन्न उत्तरे आहेत. एकास दुसऱ्याच्या जागी उभे करताना हा भेद सांगितला नाही, तर प्रेक्षकाची फसगत होते. अलीकडच्या वर्षांत डिझेल इंजिनास बाष्पइंजिनाचा वेष चढविण्यात आला. त्यात तर उत्तरच नाही, केवळ मुखवटा आहे.

इंजिन चालते ठेवावे, असा आग्रह धरला जातो. तो अनाठायी नाही, कारण वाफेचा आवाज व वास यांवाचून या यंत्राचा अनुभव अपुरा राहतो. परंतु चालत्या इंजिनाचे भाग झिजतात, बदलावे लागतात. बाष्पपात्र नवे आले की मूळ पुरावा तेवढा उणावतो. म्हणून चालविण्यास पाहुणे इंजिन घ्यावे आणि मूळ इंजिन अबाधित ठेवून त्याशेजारी आसाचा छेद दाखविणारी प्रतिकृती मांडावी. पाहणाऱ्यास ही वळणे कशी सोडविली गेली हे कळले, तरच ते जतन म्हणावयाचे. एरवी ती केवळ शोभा होय.