भयाचे नाटक आणि विश्वासाचे नाटक

‘देवमाणूस’ ही मालिका ज्यांनी आवडीने पाहिली, त्यांचा ती संपताच पहिला प्रश्न असतो तो ‘अशाच जातीचे दुसरे काही पाहावयास आहे काय?’ हा. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यातील ‘अशाच’ ह्या शब्दाचा अर्थ कोणी विचारून घेत नाही, आणि म्हणून उत्तर बहुधा चुकीचे मिळते. विचारणारास खून आवडले असे समजून एक जण आणखी खुनांच्या कथा सुचवितो. रात्र आणि रानवाटा आवडल्या असे समजून दुसरा भुताखेतांकडे बोट दाखवितो. दोघांचेही ऐकावे आणि दोन्ही वेळां निराश व्हावे, असा अनुभव पुष्कळांस आला असेल. ह्या जातीच्या कथांत मन खरोखर कशाने खिळते, हे ठरविल्याखेरीज त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

झी मराठीवर २०२० च्या ऑगस्टअखेर सुरू झालेली ही मालिका सुमारे वर्षभर चालली; पुढे तिचे आणखी भागही आले. सातारा जिल्ह्यात वाईच्या बाजूस २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्यांच्या प्रकरणावरून तिची कल्पना सुचली, हे सर्वश्रुत आहे. कथेतील डॉक्टर अजितकुमार देव हा खरा डॉक्टर नव्हे. पण गाव त्यास देवमाणूस म्हणते, आणि किरण गायकवाड ह्या नटाने त्याच्या चेहऱ्यावर जे आर्जव ठेवले आहे ते पाहता गावास दोष देणे कठीण जाते. खुनी कोण, हे प्रेक्षकास आरंभापासून ठाऊक असते. म्हणजे येथे रहस्य असे काही नाहीच. हिचकॉक ह्या इंग्रज दिग्दर्शकाने ह्या युक्तीचे मर्म फार पूर्वी सांगून ठेवले आहे : टेबलाखाली बाँब अकस्मात फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो, पण बाँब आहे हे त्यास आधीच सांगावे आणि टेबलाशी बसलेल्यांस मात्र सांगू नये, म्हणजे तो कितीही वेळ श्वास रोखून बसतो. येथे टेबलाशी सबंध कातळवाडी बसली आहे.

हे भय शहरातील प्रेक्षकापेक्षा आमच्या बाजूच्या प्रेक्षकास अधिक जवळचे वाटते, आणि त्यास कारण आहे. जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, विजापूरच्या वाटेवरचा अवर्षणग्रस्त तालुका. गावे विखुरलेली, वाड्यावस्त्या त्याहून विखुरलेल्या. बोली मराठीची कानडीत आणि कानडीची मराठीत मिसळलेली. अशा मुलखात मध्यरात्री पोर तापाने फणफणले की जो दार उघडील तोच वैद्य. त्याची पदवी भिंतीवर आहे की नाही, हे पाहण्याची ती वेळ नसते. ‘देवमाणूस’ हा शब्द आमच्याकडे अतिशयोक्तीने उच्चारला जात नाही. तो कृतज्ञतेने उच्चारला जातो. ह्या मालिकेने त्याच शब्दास हात घातला. रक्ताचे थेंब दाखवून जे भय निर्माण झाले नसते, ते ह्या एका शब्दाच्या विटंबनेने झाले.

तथापि तिचे दोष झाकावयाचे कारण नाही. रोज एक भाग ह्या हिशेबाने वर्षभर गाडा ओढावयाचा म्हटल्यावर एका फसवणुकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी, असे रहाटगाडगे सुरू होते. सरू आजींच्या म्हणी नसत्या तर मधले काही महिने काढणे अवघड गेले असते! मुख्य उणीव ह्याहून मोठी आहे. ह्या माणसाचे बेत आपणांस कळतात. त्याचे मन कळत नाही. लोभ आणि वासना ह्या दोन शब्दांपलीकडे लेखक फारसा जात नाही.

ज्यांना हे मन पाहावयाची इच्छा असेल त्यांनी ‘रात्रीस खेळ चाले’ ह्या मालिकेचा २०१९ साली आलेला दुसरा भाग पाहावा, पहिला नव्हे. २०१६ चा पहिला भाग कोकणातील नाईकांच्या वाड्यात सावल्या हलवून भय दाखवितो, आणि ते कामही तो नेटके करतो. दुसरा भाग मात्र काळाच्या मागे जातो, आणि पहिल्या भागात जो मृत झाला त्या अण्णा नाईकास जिवंत पुढे आणून बसवितो. माधव अभ्यंकरांचा अण्णा देवमाणसाच्या नेमका उलट आहे : तो काहीही लपवीत नाही. त्याचा क्रूरपणा, त्याची लंपटता, शेवंतेपायी झालेली त्याची अवस्था, सारे घर उघड्या डोळ्यांनी पाहते आणि तरीही पानावर बसून जेवते. कातळवाडीस काही ठाऊक नसते म्हणून ती फसते. नाईकांच्या घरास सर्व ठाऊक असते आणि ते गप्प राहते. माईंच्या मुद्रेवरील ती गप्पगिरी कोणत्याही भुतापेक्षा अधिक अंगावर येते. दोन्हींतले अधिक भयंकर कोणते, हा प्रश्न घराघरांतून वादास घेण्याजोगा आहे. आमचे मत नाईकांच्या घराच्या बाजूने पडते.

‘समांतर’ ही तिसरी कथा ह्या दोहोंहून निराळी. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून २०२० साली ती नऊ भागांत आली. कुमार महाजन नावाच्या गांजलेल्या माणसास कळते की, आपण जे आयुष्य जगत आहो ते सुदर्शन चक्रपाणी ह्या गृहस्थाने पूर्वीच जगून ठेवले आहे. येथे खलपुरुष नाही. उद्या काय घडणार हे वहीत वाचावयास मिळाले, की माणूस ते टाळण्यासाठी जी धडपड करतो तीच त्यास तेथे नेऊन पोचविते. २०२१ च्या दुसऱ्या भागात (ज्यात आमच्या सांगलीच्या सई ताम्हणकर आहेत) ही कल्पना अधिक ताणली गेली, व थोडी विरलीही. आटोपशीरपणात मात्र तिघींत हीच श्रेष्ठ.

आता जे सांगावयाचे ते जुन्या नाटकांविषयी. ह्या जातीच्या कथांस आजकाल ‘मानसशास्त्रीय थरारनाट्य’ असे लांबलचक नाव देतात. कऱ्हाडजवळच्या टेंभूस जन्मलेल्या आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले तेव्हा त्यास ‘विकारविलसित’ असे नाव दिले. मनोविकारांचा विलास! ह्याहून नेमके नाव आजवर कोणास सुचलेले नाही. आणि ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्याच परिसरातील दोन नाटककारांनी ह्या विकारविलासाचे दोन अस्सल नमुने मराठीस दिले. सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल ह्यांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांनी विशीतच ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ लिहिले.

‘देवमाणूस’ आवडला त्याने ‘झुंझारराव’ वाचावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. कारण देवमाणसाचा मूळपुरुष तेथे आहे. ऑथेल्लोच्या कथेतील खलास सारे जण ‘प्रामाणिक’ म्हणतात. नायकावर तो शस्त्र उगारीत नाही, केवळ सल्ला देतो, आणि तोही अनिच्छेने दिल्यासारखा. परिणामी पराक्रमी नवरा आपल्या हातांनी निष्पाप कमळजेचा जीव घेतो. फरक एवढाच की, कातळवाडीचा डॉक्टर विश्वासाचा उपयोग करून माणसे मारतो, आणि हा विश्वासाचा उपयोग करून विश्वासच मारतो. शिवाय हा प्रेक्षकाशी एकांतात बोलतो, आपल्या द्वेषाची कारणे शोधतो, एक पुरेसे वाटत नाही म्हणून दुसरे पुढे करतो. मालिकेत जे मन बंद राहिले ते येथे उघडते, आणि उघडल्यावरही त्याचा तळ लागत नाही.

खाडिलकर एक पाऊल पुढे गेले. ‘हॅम्लेट’मधील दुभंगलेले मन आणि ‘ऑथेल्लो’तील कानात ओतलेले विष ही दोन्ही त्यांनी एकाच तरुण पेशव्याच्या ठायी आणली. शनिवारवाड्यातील १७९५ चा तो अपघात की आत्मघात, ह्याचा निकाल इतिहासाने काही लावो. नाटकात केशवशास्त्री पेशव्याच्या मनात संशयाचे जे बीज पेरतो, ते उगवताना पाहणे हाच प्रेक्षकाचा खरा थरार आहे. भाषणे लांब आहेत, हे कबूल. आजच्या वाचकास पहिला अंक जड जाईल. पण माधवरावाचे मन पायरी-पायरीने ढळत जाते त्या प्रवेशांची बरोबरी वर सांगितलेल्या तिन्ही मालिकांतील एकही प्रसंग करीत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ज्या देवलांनी ‘झुंझारराव’ रचले त्यांचेच ‘संशयकल्लोळ’. १८९३ च्या गद्य ‘फाल्गुनरावा’स पदे घालून ते १९१६ साली संगीत रूपात रंगभूमीवर आले. ऑथेल्लोच्या कथेत एका हातरुमालावरून खून होतो; येथे एका तसबिरीवरून फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांच्या पाळतीवर राहतात, आणि प्रेक्षक पोट धरधरून हसतो. विष तेच, फक्त ते कानात ओतणारा कोणी येथे नाही, दोघे आपापल्या हातांनी ते पितात आणि मात्रा थोडी असल्याने जगतात. तेव्हा पाहणारांनी क्रम असा ठेवावा : प्रथम ‘समांतर’, मग नाईकांचा दुसरा भाग, नंतर एखाद्या निवांत रविवारी ‘झुंझारराव’ हाती घ्यावे, आणि खाडिलकरांस सलग दोन रात्री द्याव्या. घरात लहान मुले असतील तर शेवटी ‘संशयकल्लोळ’ सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावे; फाल्गुनरावाचे काम आजोबांकडे द्यावे.