राष्ट्रकूटांची रिकामी जागा

संगणकावरच्या खेळाचे परीक्षण दिवाळी अंकात पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. कथा-कवितांच्या पंगतीत हे कोठून आले, असेही कोणी विचारील. माझे उत्तर सोपे आहे. आमच्या शाळेतली नववी-दहावीची मुले इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाबरोबर जितका वेळ घालवतात, त्याच्या कितीतरी पट वेळ ती ऐतिहासिक युद्धखेळांबरोबर घालवतात. नकाशा, राजवंश, हत्यारे, किल्ला या गोष्टींची त्यांच्या मनातली चित्रे तिथे घडतात. इतिहास हा माझा एम.ए.चा विषय आणि पोटापाण्याचा धंदाही. तेव्हा जिथे मुलांचा इतिहास घडतो, ती जागा तपासणे हे माझ्या कामातच मोडते.

आमच्या घरात यंदा निमित्तही घडले. दहावीतल्या पुतण्याने मागणी केली, "काका, मला 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' घेऊन द्या. दिवाळीचे कपडे नकोत." वहिनींचे म्हणणे, मूळ खेळ घरात आहेच, त्याला आणखी पुरवणी कशाला? दादा म्हणाले, "हेडमास्तर घरात आहेत, निकाल त्यांनी द्यावा." निकाल द्यायचा तर पुरावा पाहिला पाहिजे, म्हणून मी तीन आठवडे संध्याकाळी पुतण्याच्या एका मित्राकडे असलेली ती पुरवणी पाहिली, थोडीफार खेळलोही. हा लेख म्हणजे तो निकाल, कारणांसह.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'एज ऑफ एम्पायर्स' या मालिकेतला दुसरा खेळ १९९९ साली आला. विषय मध्ययुग. खेळणाऱ्याने एक संस्कृती निवडायची, चार-दोन माणसे घेऊन गाव वसवायचे, लाकूड-धान्य-सोने-दगड जमवायचे, एकेक युग ओलांडत सैन्य उभे करायचे आणि शेजाऱ्याशी लढायचे. पहिल्या आवृत्तीत तेरा संस्कृती होत्या. ब्रिटन, फ्रँक, तुर्क, मंगोल, जपानी, चिनी होते, भारत नव्हता. २०१३ सालच्या 'द फॉरगॉटन' या पुरवणीत भारत आला, पण एकाच नावाखाली, 'इंडियन्स'. त्यांच्याकडे उंट होते आणि हत्तीवरचे धनुर्धर होते. म्हणजे चोळ निवडा की पाल, तंजावर असो वा पाटलिपुत्र, स्वार मात्र उंटावरचाच! २०१९ साली सगळा खेळ नव्या रूपात आला आणि त्या नव्या रूपासाठी २८ एप्रिल २०२२ रोजी 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' ही पुरवणी निघाली. अमेरिकेत तिची किंमत ९.९९ डॉलर ठेवली होती. मूळ खेळ जवळ असल्याशिवाय ती चालत नाही.

या पुरवणीने त्या एका 'इंडियन्स'चे चार भाग केले: हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर. शिवाय बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या प्रत्येकी पाच लढायांच्या तीन मोहिमा दिल्या. आधीपासून असलेली पृथ्वीराजाची मोहीम गुर्जरांच्या नावे गेली.

आधी गुण सांगतो, कारण ते खरोखर आहेत.

पहिला गुण असा की, भूगोल आणि अर्थकारण यांचा संबंध या पुरवणीने मुलांच्या हाताला लावला आहे. द्रविडांचे घोडदळ दुबळे, पण पायदळ आणि आरमार बळकट. हे मनमानी नाही. दक्षिणेत चांगल्या घोड्याची पैदास होत नसे. अरबस्तानातून समुद्रमार्गे घोडे आणावे लागत आणि त्यापायी दक्षिणेतल्या राजांचे द्रव्य शतकानुशतके बाहेर गेले. पाठ्यपुस्तकात हे वाक्य वाचून मूल पुढे जाते. खेळात घोडेस्वारांच्या भरवशावर तीनदा हरल्यावर ते विचारते, "काका, यांच्याकडे चांगले घोडे का नाहीत?" असा प्रश्न वर्गात वर्षातून एकदा आला तरी आम्ही मास्तर मंडळी धन्य होतो. गुर्जरांची गुरे-मेंढरे कापून न खाता गिरणीत ठेवली की सतत अन्न देत राहतात, ही कल्पनाही मला आवडली. पशुधन म्हणजे एकदाचे जेवण नव्हे तर चालू उत्पन्न, हे पश्चिम भारतातल्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असलेले शहाणपण आहे.

दुसरा गुण हत्तीचा. इतर संस्कृती दरवाजा फोडायला लाकडी ओंडक्याचे यंत्र वापरतात. या चौघांना त्याऐवजी चिलखत घातलेला हत्ती मिळतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे पाहून ते कशासाठी, असे सहलीत विचारले की निम्मी मुले 'शोभेसाठी' म्हणतात. हा खेळ खेळलेले मूल तसे म्हणणार नाही.

तिसरा गुण मोहिमांचा. राजेंद्र चोळाने गंगेपर्यंत सैन्य पाठवले, गंगैकोंडचोळपुरम् वसवले, आणि १०२५ च्या सुमारास समुद्र ओलांडून श्रीविजयाच्या राज्यावर आरमारी स्वारी केली. देवपाल तर आपल्याकडे नावानेही माहीत नसतो. नवव्या शतकातला हा पाल राजा. सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवाने नालंदेत विहार बांधला तेव्हा त्याच्या खर्चासाठी पाच गावे देणारा. उत्तर-दक्षिणेच्या पलीकडे पूर्व समुद्राकडे पाहणारा भारत मुलांना इथे दिसतो, हे थोडे नव्हे.

आता दोष. किरकोळ दोष आधी उरकतो. बंगाल्यांना खास शस्त्र म्हणून लढाऊ रथ दिला आहे. खेळात तो मजेचा आहे, हवे तेव्हा दुरून बाण मारतो, हवे तेव्हा जवळून वार करतो. पण पालांच्या काळापर्यंत रणांगणातून रथ जवळजवळ मागे पडला होता. तो महाभारतातून थेट नवव्या शतकात आला आहे. दुसरे म्हणजे नाव. पुरवणीचे नाव 'राजवंश', पण गुर्जर सोडले तर चारांत एकाचेही नाव राजवंशाशी जुळत नाही. 'द्रविड' हा तर राजवंश नव्हेच. भाषाकुलाचे नाव म्हणून हा शब्द रूढ केला तो कॉल्डवेलने, १८५६ च्या आपल्या व्याकरणग्रंथाने.

खरा दोष या नावातूनच निघतो. तो मला दाखवला तो इतिहासाच्या पुस्तकाने नव्हे, दोन मुलांनी.

ज्याच्या घरी मी खेळ पाहत होतो, तो पुतण्याचा वर्गमित्र कानडी घरातला. आमच्या भागात हे नवीन नाही. मुले मैदानावर एका भाषेत भांडतात आणि दुसरीत समेट करतात. पहिल्याच दिवशी कोणी कोणती संस्कृती घ्यायची यावरून वाद झाला. मित्र म्हणाला, "द्रविड माझे. कानडी द्रविड भाषा आहे, शाळेत शिकवलंय की." पुतण्या म्हणाला, "मग माझे कोण?" चौघांत आपले कोण, हे त्याला ठरवता येईना. शेवटी हिंदुस्तानी घेऊन तो नाखुषीने बसला. इकडे मित्राने सैनिकाला हुकूम सोडला, सैनिकाने उत्तर दिले, आणि मित्राचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, हे तमिळ बोलतात. यात आमचं कानडी कुठं आहे?"

मुलाने नेमके बोट ठेवले होते. चार संस्कृतींत ना कानडीला घर आहे, ना मराठीला. नर्मदा आणि तुंगभद्रा यांच्या मधला सगळा दख्खन या पुरवणीत कोणाचाच नाही. हे भाषिक अभिमानापोटी मी म्हणत नाही. पुरवणीने स्वतः निवडलेल्या कालखंडाचा हिशेब घेऊन म्हणतो. बंगाली आहेत, म्हणजे पाल आले. गुर्जर आहेत, म्हणजे प्रतिहार आले. आठव्या-नवव्या शतकात कनौजसाठी जो प्रदीर्घ झगडा झाला, त्याला इतिहासात त्रिपक्षीय संघर्ष म्हणतात. तिसरा पक्ष कुठे आहे? तो होता राष्ट्रकूट. ध्रुवाने वत्सराज प्रतिहार आणि धर्मपाल दोघांनाही हरवले. त्याचा मुलगा तिसरा गोविंद याने नागभटाचा पराभव केला आणि धर्मपालाने त्याच्यापुढे मान तुकवली. हा धर्मपाल म्हणजे पुरवणीतल्या देवपालाचा बाप! त्रिपक्षीय संघर्षातले दोन पक्ष ठेवून ज्याने दोघांना नमवले तोच गाळणे, हे तिरंगी सामन्याच्या वृत्तांतातून विजेत्याचे नाव गाळण्यासारखे आहे. नवव्या शतकातले अरब प्रवासी जगातल्या चार थोर राजांत ज्या 'बल्हरा'ची गणना करतात, तो हाच वल्लभराज राष्ट्रकूट.

राष्ट्रकूटच का गळाले असावेत? माझ्या मते याचे कारण आकस नसून पद्धत आहे. या खेळात एका संस्कृतीला एक नाव, एक बोली, एका घाटाच्या इमारती लागतात. ज्यांचा इतिहास एका भाषेच्या चौकटीत बसतो, त्यांना जागा मिळते. राष्ट्रकूट त्या चौकटीत बसत नाहीत. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. वेरूळचे कैलास लेणे पहिल्या कृष्णाच्या काळचे. अमोघवर्षाच्या दरबारात 'कविराजमार्ग' हा कानडीतला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ झाला. त्यात कानडी देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे आणि त्या विधानावर पुढे दोन्ही बाजूंनी भरपूर शाई सांडली. ताम्रपट संस्कृतात. त्यांच्यानंतरचे चालुक्य तसेच, आणि देवगिरीचे यादवही तसेच. यादवांचे शिलालेख कानडीत आहेत, मराठीतही आहेत. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कानडी, तमिळ आणि मराठी लेख शेजारी शेजारी कोरलेले आहेत. तो दगड या खेळाच्या कोणत्या रकान्यात घालणार?

हा प्रश्न आपल्यासारख्या सीमाभागात राहणाऱ्यांना नवा नाही. अर्ज भरताना मातृभाषेच्या रकान्यात एकच शब्द मावतो. घरात, बाजारात, मंदिरात मात्र दोन-तीन भाषा सहज मावतात. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ साली रट्टांच्या राज्यात उभी राहिली. हे रट्ट स्वतःला राष्ट्रकूटांच्या कुळातले म्हणवीत. आमची मुले रोज त्या किल्ल्याजवळून सायकलवर जातात. संगणकापुढे बसल्यावर मात्र त्यांना वाटते, आपल्या भागात सांगण्यासारखे काही घडलेच नाही. इथेच मला ही पुरवणी उणी वाटते. तिने सांगितलेले बरेचसे बरोबर आहे. पण जे सांगितले नाही त्यावरून मूल जे अनुमान काढते ते साफ चूक आहे.

गंमत अशी की कानडी या खेळात एका ठिकाणी चोरपावलांनी आली आहे. द्रविडांना 'वूट्झ' पोलाद मिळते, त्याने त्यांच्या तलवारी शत्रूचे चिलखत जुमानत नाहीत. दक्षिणेतले हे मुशीतले पोलाद जगप्रसिद्ध होते आणि त्याचे इंग्रजी नाव कानडीतल्या 'उक्कु' या शब्दाशी जोडले जाते. हे सांगितल्यावर मित्राची कळी खुलली. पुतण्या म्हणाला, "आणि मराठी?" मी म्हटले, "तुझ्यासाठी पुस्तक आहे." राष्ट्रकूटांवरचा पायाभूत ग्रंथ अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३४ साली लिहिला, आणि अळतेकर जन्माने कोल्हापूर जिल्ह्यातले. कानडी-मराठी वाद न करता राष्ट्रकूटांचा काळ कसा लिहावा, हे एका मराठी माणसाने नव्वद वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे.

आमच्या शिक्षकदालनात एका सहकाऱ्यांनी विचारले, "मग सर, या पैशांत पुस्तकच का नाही घेत?" आक्षेप वजनदार आहे. पण मी मुलांना ओळखतो. 'त्रिपक्षीय संघर्ष' हा शब्द पुतण्या दहा वेळा वाचून विसरला असता. तिसरा पक्ष गायब असल्याचे त्याला खेळामुळे खुपले, म्हणून तो आता पुस्तक मागतो आहे. खेळ आणि पुस्तक यांत निवड करण्याचे कारण नाही; क्रम तेवढा पाहावा.

म्हणून निकाल असा. पुरवणी घ्यावी. राजेंद्र आणि देवपाल यांच्या मोहिमांसाठी घ्यावी, हत्तीसाठी आणि न मिळणाऱ्या घोड्यांसाठी घ्यावी. मात्र सवलतीचे दिवस पाहून घ्यावी, दहावीची सराव परीक्षा संपल्यावर घ्यावी, आणि केवळ 'आपला इतिहास' मिळेल या आशेने घेऊ नये. तो तिच्यात नाही. ज्या घरी मूळ खेळच नाही, त्यांनी आधी मूळ खेळ वर्षभर खेळून पाहावा. आणि पालकांनी एक काम करावे. या खेळात स्वतःची लढाई रचण्याची सोय पहिल्यापासून आहे. नकाशा आखता येतो, नद्या-डोंगर मांडता येतात, राजांना नावे देता येतात. मुलांना मान्यखेट मांडायला सांगा. कनौज उत्तरेला, विंध्य मध्ये, आणि दक्षिणेकडून निघालेला ध्रुव.

आमच्या दोघांनी ते काम सुरू केले आहे. सैनिक अजून तमिळच बोलतात, त्याला इलाज नाही. पण सैन्याने नर्मदा नेमकी कुठे ओलांडावी, यावर गेला आठवडाभर मराठीत आणि कानडीत कडाक्याचे भांडण चालू आहे. वहिनी वैतागल्या आहेत. मला मात्र ही तक्रार वाटत नाही.