इनामगांवची पांढर व ‘नायकाचें घर’

जुन्या वतनी कागदांत गांवच्या वस्तीस पांढर व शेतजमिनीस काळी म्हटलेलें असतें. पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांवची जी पांढर डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत खणली, ती कोणत्याहि कागदाच्या फार पूर्वीची, इ. स. पू. सुमारें १६०० ते ७०० पर्यंत तेथें शेतकरी नांदत होते. ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांनीं लिहिलेला उत्खननवृत्तांत १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. तो न वाचतां या टेकाडावर जाणें म्हणजे मोडी न शिकतां दप्तर सोडून बसणें होय.

घरांच्या जमिनी, चुली, कणग्यांचे ओटे, दफनें यांची नोंद इतकी तपशीलवार आहे कीं, लेखकांचीं अनुमानें त्यांच्याच पुराव्यावर घांसून पाहतां येतात. हा गुण थोडा नव्हे. त्याच आधारें एक आक्षेप.

वस्तीच्या मध्यभागीं पांच दालनांचें एक घर निघालें. लगत धान्याचें कोठार. घराच्या अंगणांत चार पायांच्या मातीच्या रांजणांत मांडी घालून बसविलेला पुरुष पुरलेला आढळला. प्रौढांचे पाय घोट्यापाशीं तोडून पुरण्याची तेथें चाल होती. याचे शाबूत आहेत. यावरून हा वस्तीचा नायक व घर नायकाचें, असा ढवळीकरांचा निर्णय.

शाबूत पायांची साक्ष वजनदार खरी. पण तिनें वेगळेपण सिद्ध होतें, अधिकार नव्हे. एखाद्या भगतासहि निराळी मूठमाती मिळाली असेल. कोठाराचा दाखला तर त्याहून लंगडा. घर नायकाचें म्हणून कोठार त्याच्या ताब्यांतलें, आणि कोठार शेजारीं म्हणून घर नायकाचें: असे हे दोघे एकमेकांसच जामीन राहिले आहेत. कोठार साऱ्या गांवकीचें सामाईक असेल, तर तेंहि मध्यभागींच असावयाचें. येथें ना शिलालेख, ना ताम्रपट. त्यामुळें खणणारानें एकदां दिलेलें नांवच पुढें पुरावा म्हणून चालूं लागतें.

याच रांजणाच्या खालच्या थरांत त्याच घडणीचा दुसरा रांजण मिळाला, पण त्यांत मनुष्याचा सांगाडा नव्हता. यावरून नायकीची वंशपरंपरा मानावयाची, तर मजकूर नसलेल्या कागदावरचा शिक्का पाहून सनद वाचल्यासारखें होईल. नायकाच्या घराहून हा रिता रांजणच अधिक विचार करावयास लावतो, आणि त्याचा उलगडा अद्याप झालेला नाहीं.