वर्गातील बाहुलीनाट्य आणि मुलांची बोली

शालेय नाट्यप्रयोगांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात मुलांसाठीचे नाटक आणि मुलांनी केलेले नाटक हा भेद क्वचितच पाळला जातो. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ची स्थापना करून ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले. पुढे रत्नाकर मतकरी यांनी ही परंपरा समृद्ध केली. त्या नाटकांचे यश निर्विवाद आहे. परंतु तेथे मूल हे प्रामुख्याने प्रेक्षक असते. वर्गात ते वक्ता होते, आणि वक्त्याला नेपथ्याआधी तोंडात बसणारे वाक्य हवे असते.

शाळांतून मुलांच्या हाती पडणाऱ्या संहिता या कसोटीस बहुधा उतरत नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाने पंचतंत्रातील सिंह व ससा यांची कथा बसविली होती. तिची तालीम प्रस्तुत लेखकाने पाहिली. सशाच्या तोंडी वाक्य होते : ‘महाराज, वाटेत दुसऱ्या सिंहाने मला अडविल्यामुळे आपल्या सेवेस येण्यास मला विलंब झाला.’ व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पण मुख्य क्रियापद अगदी शेवटी येत असल्याने नऊ वर्षांच्या मुलास सारा भार एका दमात वाहून न्यावा लागतो. ‘अडविल्यामुळे’पाशी तो तीनदा अडखळला, शिक्षकांनी तीनदा घोकून घेतले. चौथ्या वेळी वाक्य आले, पण त्यात सशाची भीती उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने हातबाहुले चढविले आणि पडद्याआड बसून ते वाक्य आपण होऊन मोडले : ‘म्हाराज, वाटेत दुसरो सिंह गावलो. तेना माका आडवल्यान. म्हणान उशीर झालो.’

याचे कारण म्हणून चेहरा झाकला की मुलाची भीड चेपते, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे वाटते. हातबाहुल्याचे ओठ हलत नाहीत. म्हणून बोलणाऱ्या बाहुल्याने मान हलवावयाची व ऐकणाऱ्याने निश्चल राहावयाचे, हा या खेळाचा दंडक आहे. तर्जनीच्या एका झुकावात एकच लहान वाक्य मावते. लांब संयुक्त वाक्याला बोट पुरे पडत नाही, ते आपोआप तुटते. आणि तुटल्यावर मुलाजवळ जे तुकडे असतात, ते त्याच्या घरच्या बोलीतले असतात. (ज्या जिल्ह्यात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या जपल्या, तेथील शाळेला बाहुली ही प्रशिक्षणवर्गातून आलेली नवी युक्ती वाटावी, याचे नवल वाटते.)

शिक्षकांचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. प्रमाणभाषा शिकविणे हे त्यांचे काम आहे, आणि बोलीतील संवादाला वर्ग हसला होता. परंतु वर्ग का हसला? याच प्रदेशातील दशावतारात संवाद लिखित नसतात. नट ते ऐन वेळी रचतो. तेथे देव व राजे संस्कृतप्रचुर मराठी बोलतात आणि संकासुरासारखे हास्यपात्र मालवणीत. मुलांनी हा संकेत देवळाच्या आवारात आत्मसात केलेला असतो : माका, तुका ऐकू आले की हसावयाचे. वर्गाने तो संकेत जसाच्या तसा उचलला, तर मुलाची बोली पुन्हा विदूषकाच्याच वाट्यास येईल. येथे मात्र मालवणी बोलणारा ससा कथेत सर्वांत शहाणा आहे व शेवटी जिंकतो. म्हणून सशाची बोली दुरुस्त करण्याची सूचना मला मान्य नाही. सिंहाने प्रमाण मराठी बोलावे. राजाला ती शोभते, आणि दोन्ही भाषारूपे एकाच प्रवेशात मुलांच्या कानी पडतात. प्रयोगानंतर तेच संवाद प्रमाणभाषेत लिहून घेता येतील. लेखनात मुख्य क्रियापदासाठी थांबावयास सवड असते.

शिक्षकांनी एवढी तडजोड स्वीकारली. तिसऱ्या तालमीत विहिरीत आपले प्रतिबिंब पाहताच सिंह झालेली मुलगी प्रमाण मराठी विसरली आणि मालवणीत कडाडून भांडू लागली. या वेळी कोणी हसले नाही.