स्वभावाला औषध

‘स्मृतिचित्रे’ आवडलेला माणूस बहुधा आधी टिळकांचे किस्से सांगतो. हातात पैसा टिकू न देणारे, क्षणात भडकणारे आणि क्षणात विरघळणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लक्ष्मीबाई लिहितातच असं की आपण हसतो. मीही हसतो. पण त्या हसण्यात एक गोष्ट बिनबोभाट सुटून जाते: टिळकांच्या स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे हा राग किस्सा नव्हता, पाप होतं.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. राग त्या दिवशी संपत नाही आणि लक्ष्मीबाई ते लपवत नाहीत. मराठीतलं ख्रिस्ती जगणं मला इथे सगळ्यात खरं वाटतं. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की, नको ते हातून होतं, आणि ते करणारा मी नाही, माझ्यात वसलेलं पाप आहे. हे वाक्य ढालीसारखं वापरायला फार सोपं. पण पुढच्याच अध्यायात तो देहाची कर्मं आत्म्याच्या बळावर मारून टाकायला सांगतो. बळ देवाचं असलं, तरी मारायचं आपणच. सूसमधल्या आमच्या प्रार्थनासभेत मात्र ‘माझा स्वभावच तापट, देव बघून घेईल’ हे इतक्या सहज म्हटलं जातं! आमच्या ऑफिसच्या भाषेत याला ‘नोन इश्यू’ म्हणतात. लेबल लावायचं, तिकीट बंद.

लक्ष्मीबाईंनी स्वतःचं तिकीट असं बंद केलं नाही. त्या वाढल्या ते घर सोवळ्याने पछाडलेलं. बाजारातून आलेली वस्तू वडील धुऊन घ्यायला लावत. विटाळ नेहमी बाहेरून येणारा, म्हणून पाण्याने जाणारा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षांनी त्या त्याच्याकडे परतल्या, तरी आपलं सोवळं त्यांनी सांभाळलं. मग एकदा स्वतःशीच विचार करताना त्यांना जाणवलं की जात माणसांनी केली आहे, आणि त्यांनी शिवाशीव टाकली. टिळकांनी टाकायला लावली नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००चा. जे चुकीचं दिसलं ते आपलं म्हणून उचललं आणि हातांनी, पाण्याच्या भांड्याशी, सोडलं.

टिळकांच्या रागाबद्दल असा हिशेब पुस्तकात मला सापडत नाही. तक्रार लक्ष्मीबाईंबद्दल नाही. टिळक १९१९मध्ये गेले, पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला. ज्यांनी तो राग झेलला, त्यांना माफ करण्याचा आणि हसण्याचा पूर्ण हक्क होता. तक्रार आहे आपल्या वाचनाबद्दल. ‘कवी माणूस, तऱ्हेवाईक असायचाच’ असं म्हणून आपण टिळकांना मोठं करत नाही. बदलू शकणारा माणूस म्हणून त्यांचा जो मान होता, तोच काढून घेतो.

पुन्हा वाचताना ते भडकल्याचा प्रसंग आला की त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं, तेवढं मी पाहणार आहे.